यंदा तरी

हॉकी म्हटलं की आपल्याला ध्यानचंद आठवतात, १९७५ चा वर्ल्ड कप आठवतो, धनराज पिल्ले आठवतो. टोरांटोत हॉकी म्हणजे फक्त बर्फावरची. हिरवळीवर खेळतात तिला इथे 'फील्ड हॉकी' असं वेगळं नाव आहे. नोकरीसाठी या शहरात येण्याआधी एवढं मला माहीत होतं. एप्रिल लागला की इथली शहाणीसुरती माणसंसुद्धा 'यंदा तरी' म्हणायला लागतात आणि म्हणताना स्वतःच हसतात, हे मात्र इथे आल्यावरच कळलं.

हसण्याचं कारण साधं आहे. टोरांटो मेपल लीफ्स या टीमने स्टॅन्ली कप शेवटचा जिंकला तो २ मे १९६७ रोजी. त्यानंतर २०२५ पर्यंत कप तर सोडाच, टीम फायनललाही पोचली नाही. आपल्याकडे आरसीबीच्या फॅन्सची अठरा वर्षं टिंगल झाली आणि २०२५ मध्ये ती थांबली. टोरांटोच्या मापाने अठरा वर्षं म्हणजे पोर अजून कॉलेजात आहे.

मला छळणारा प्रश्न असा, की ही माणसं दरवर्षी नव्याने आशा धरतात ती कशाच्या जोरावर? नुसता भाबडेपणा म्हणून सोडून द्यावं, तर ऑफिसात बाकी सगळ्या गोष्टींवर संशय घेणारी माणसंही त्यात आहेत. म्हणून मी या टीमचा इतिहास वाचायला घेतला.

आधी गणित

नॅशनल हॉकी लीगमध्ये आज ३२ टीम आहेत. प्रत्येक टीम नियमित मोसमात ८२ मॅच खेळते. मग १६ टीम प्लेऑफमध्ये जातात. चार फेऱ्या असतात आणि प्रत्येक फेरीत सात मॅचची सिरीज. आधी चार मॅच जिंकेल ती टीम पुढे. म्हणजे कप हातात यायला सोळा विजय लागतात आणि हा खेळ एप्रिलच्या मध्यापासून जूनपर्यंत चालतो. बरोबरी झाली तर प्लेऑफमध्ये पेनल्टी शूटआउट नाही. वीस-वीस मिनिटांची जादा सत्रं खेळत राहायचं आणि पहिला गोल झाला की मॅच तिथेच संपली. मध्यरात्र उलटली तरी चालेल.

या खेळात गोल कमी होतात. दोन्ही टीमचे मिळून साधारण सहा. त्यामुळे एखादा पक कुणाच्या तरी बुटाला लागून जाळ्यात गेला, किंवा समोरच्या गोलकीपरला सलग चार दिवस सगळंच दिसायला लागलं, तर दुबळी टीमही बलाढ्य टीमला घरी पाठवते. नशिबाला इथे बराच वाव आहे.

म्हणून मी एक ढोबळ हिशेब करून पाहिला. समजा, दर मोसमात लीगमधल्या सगळ्या टीमच्या नावांच्या चिठ्ठ्या टाकून कप वाटला असता. लीग सुरुवातीला १२ टीमची होती, वाढत वाढत ३२ ची झाली. १९६७ नंतर २०२५ पर्यंत ५७ मोसम पूर्ण झाले. २००४-०५ चा मोसम मालक आणि खेळाडूंच्या भांडणात रद्द झाला. या चिठ्ठ्यांमध्ये टोरांटोच्या वाट्याला सरासरी अडीच कप आले असते. एकही कप न येण्याची शक्यता तेरात एक. लीफ्स ही लीगमधल्या सर्वांत श्रीमंत टीमपैकी एक. इतका पैसा ओतूनही कामगिरी चिठ्ठ्यांपेक्षा वाईट!

हे आकडे दाखवल्यावर माझा एक सहकारी म्हणाला, "मग आता येणारच की." नाणं सलग दहा वेळा छापा पडलं म्हणून अकराव्या वेळी काटा पडेलच असं नसतं, हे त्याला माझ्याइतकंच कळतं. त्याचा व्यवसायच सांख्यिकीचा आहे.

चौदा वर्षांच्या मुलीचं पत्र

टोरांटोच्या आशेला एक जन्मदाखला आहे, एप्रिल १९४२ चा. तेव्हा लीगमध्ये सातच टीम होत्या. लीफ्सनी १९३२ मध्ये कप जिंकला होता, पण त्यानंतरच्या दहा वर्षांत ते सहा वेळा फायनल हरले होते. १९४२ च्या फायनलमध्ये समोर डेट्रॉइट रेड विंग्ज. नियमित मोसमात सातांत पाचवी आलेली टीम, त्यामुळे यंदा कप आपलाच असं टोरांटोत सगळे धरून चालले होते. डेट्रॉइटने पहिल्या तिन्ही मॅच जिंकल्या.

०-३. आता सलग चार जिंकायच्या, आणि चौथी मॅच डेट्रॉइटच्या बर्फावर. कोच हॅप डे याने टीमचा सर्वाधिक गुण मिळवणारा गॉर्डी ड्रिलन याला बाहेर बसवलं आणि डॉन मेट्झसारख्या राखीव खेळाडूंना आत घेतलं. मॅचआधी त्याने ड्रेसिंग रूममध्ये एक पत्र वाचून दाखवलं, असं सांगतात. चौदा वर्षांच्या एका चाहतीचं. लीफ्स चारही मॅच हरले तर मला शाळेत तोंड दाखवायला जागा राहणार नाही, अशा अर्थाचं.

त्या रात्रीही डेट्रॉइट आधी २-० ने पुढे होतं. टोरांटोने मॅच ४-३ ने जिंकली. मॅच संपल्यावर डेट्रॉइटचा कोच जॅक अ‍ॅडम्स रेफरीच्या अंगावर धावून गेला आणि निलंबित झाला. पाचवी मॅच टोरांटोत, ९-३. त्यात डॉन मेट्झचे तीन गोल. सहावी पुन्हा डेट्रॉइटला, ३-०. सातवी १८ एप्रिल १९४२ ला मेपल लीफ गार्डन्समध्ये. सोळा हजारांहून जास्त लोक आत. तिसरं सत्र सुरू झालं तेव्हाही टोरांटो ०-१ ने मागेच होतं. मग स्वीनी श्रायनरने बरोबरी साधली, पीट लँजेलने आघाडी मिळवून दिली, श्रायनरने आणखी एक मारला. ३-१.

फायनलमध्ये ०-३ वरून कप जिंकल्याची ही लीगच्या इतिहासातली एकमेव वेळ. कुठल्याही फेरीतलं धरलं तरी असं चारदाच घडलंय: १९४२ मध्ये टोरांटो, १९७५ मध्ये न्यूयॉर्क आयलंडर्स, २०१० मध्ये फिलाडेल्फिया, २०१४ मध्ये लॉस एंजेलिस. ०-३ अशा अवस्थेत सापडलेल्या टीम दोनशेहून जास्त आहेत. प्रत्येक मॅच नाणेफेक मानली तर सोळातून एकदा हे जमायला हवं. प्रत्यक्षात पन्नासातून एकदाही जमत नाही, कारण तीन मॅच हरलेली टीम बहुतेक वेळा खरोखरच कमी ताकदीची असते.

मला या गोष्टीत पत्राचं महत्त्व वाटतं. त्या मुलीने टीम जिंकेल असं भाकीत केलं नव्हतं. सोमवारी शाळेत जायचंय, तिथे मला तोंड द्यावं लागणार आहे, एवढंच तिने कळवलं. आशेचं इतकं रोखठोक रूप मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. टीमचं काय होणार याच्याशी स्वतःचं काहीतरी बांधून टाकायचं आणि तसं सांगूनही टाकायचं.

१९४५ ची गोष्ट मात्र टोरांटोत कमी सांगतात. पुन्हा फायनल, पुन्हा याच दोन टीम. या वेळी टोरांटो ३-० ने पुढे होतं आणि डेट्रॉइटने सलग तीन मॅच जिंकून ३-३ केलं. सातव्या मॅचमध्ये टोरांटो २-१ ने निसटलं. डेट्रॉइटमध्येही त्या आठवड्यात कुणीतरी १९४२ ची आठवण काढून आशा धरली असेलच. त्या आशेची कथा झाली नाही, कारण शेवटचा गोल पडला नाही.

बर्फाखालची माणसं

१९५१ च्या फायनलमध्ये टोरांटो आणि माँट्रियाल यांच्यातल्या पाचही मॅच जादा वेळेत गेल्या. पाचव्या मॅचमध्ये बिल बॅरिल्को या २४ वर्षांच्या बचावपटूने गोल मारला आणि कप टोरांटोला मिळाला. त्याच ऑगस्टमध्ये तो एका मित्राबरोबर छोट्या विमानाने उत्तरेकडे मासेमारीला गेला आणि परतलाच नाही. खूप शोध घेतला तरी विमान सापडलं नाही. लीफ्स पुढे अकरा वर्षं कप जिंकले नाहीत. एप्रिल १९६२ मध्ये जिंकले आणि जूनमध्ये जंगलात त्या विमानाचे अवशेष मिळाले.

योगायोगच आहे. क्रमही उलटा आहे: आधी कप आला, मग विमान सापडलं. पण टोरांटोत ही गोष्ट सांगताना लोक आवाज खाली आणतात. दर वर्षी हरणाऱ्या टीमच्या चाहत्यांना हरण्याचं कारण लागतं. 'आमचा बचाव ढिला आहे' या कारणापेक्षा जंगलात हरवलेला पोरगा हे कारण सोसायला सोपं जातं.

१९६२, १९६३ आणि १९६४ असे सलग तीन कप आले. मग १९६७. त्या हिवाळ्यात टीम सलग दहा मॅच हरली होती, कोच पंच इमलॅक दवाखान्यात दाखल झाला होता. गोलकीपर जॉनी बॉवर ४२ वर्षांचा, दुसरा गोलकीपर टेरी सॉचक ३७ चा, बचावातला अ‍ॅलन स्टॅन्ली ४१ चा. या म्हाताऱ्यांनी आधी लीगमध्ये पहिल्या आलेल्या शिकागोला हरवलं आणि मग फायनलमध्ये माँट्रियालला ४-२ ने. म्हणजे ज्या शेवटच्या कपाची टोरांटो आठवण काढतं तोही कुणी फारसा अपेक्षिला नव्हता. पुढच्याच मोसमात लीग सहा टीमवरून बारा टीमची झाली.

आशेचा धंदा

इथपर्यंत गोष्ट गोड आहे. पुढची तशी नाही.

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला टीम आणि गार्डन्सची सूत्रं हॅरल्ड बॅलर्डच्या हातात गेली. १९७२ मध्ये तो फसवणूक आणि चोरीच्या गुन्ह्यांत दोषी ठरला, तुरुंगात गेला आणि सुटून परत मालक म्हणून खुर्चीवर बसला. १९७७-७८ च्या मोसमात लीगने जर्सीवर खेळाडूंची नावं छापायची सक्ती केली. नावं दिसली तर माहितीपुस्तिका कोण विकत घेणार, या हिशेबाने बॅलर्डने निळ्या जर्सीवर निळ्याच अक्षरांत नावं लावली. नियम पाळला आणि वाचता काही येईना. १९७९ च्या डिसेंबरमध्ये लाडका खेळाडू लॅनी मॅकडॉनल्ड याला दुसऱ्या टीमला देऊन टाकलं, तेव्हा लोक गार्डन्सबाहेर निषेधाचे फलक घेऊन उभे राहिले. मॅकडॉनल्डने पुढे १९८९ मध्ये कॅलगरीकडून कप जिंकला.

१९८० च्या दशकात लीफ्सनी एकाही मोसमात हरल्या त्याहून जास्त मॅच जिंकल्या नाहीत. तिकिटं मात्र खपत राहिली. मला हा इतिहासातला सर्वांत अवघड भाग वाटतो. चाहते दरवर्षी येणारच असतील तर मालकाने चांगली टीम कशासाठी बांधायची? कुठल्याही दुकानाला गिऱ्हाईक तुटायची भीती असते. इथे गिऱ्हाईक वडिलांकडून वारशाने येत होतं. चाहत्यांची निष्ठा हाच मालकाचा विमा झाला होता.

आणि तरी त्या दशकातसुद्धा १९८६ घडलं. ८० पैकी फक्त २५ मॅच जिंकलेली टीम, दुबळ्या गटात असल्यामुळे कशीबशी प्लेऑफमध्ये घुसली. पहिल्या फेरीत तिने शिकागोला सलग तीन मॅचमध्ये बाहेर काढलं. पुढच्या फेरीत सेंट लुईसला सातव्या मॅचपर्यंत ओढलं आणि मग हरली. बॅलर्डच्या काळात ज्यांनी टीम सोडून दिली त्यांचा निर्णय अगदी योग्य होता. फक्त १९८६ चे ते काही आठवडे त्यांच्या वाट्याला आले नाहीत.

४-१

टोरांटोच्या कुठल्याही चाहत्याला दोन आकडे सांगा, तो खुर्चीत आक्रसतो.

पहिला १९९३. तिसऱ्या फेरीत लॉस एंजेलिसविरुद्ध टोरांटो ३-२ ने पुढे, फायनल एका विजयावर. सहाव्या मॅचच्या जादा वेळेत वेन ग्रेट्स्कीची काठी टोरांटोच्या डग गिलमोरच्या तोंडाला लागली, हनुवटीतून रक्त आलं. रेफरीने शिक्षा दिली नाही. थोड्याच वेळात ग्रेट्स्कीनेच गोल मारून मॅच संपवली. सातव्या मॅचमध्ये त्याने तीन गोल केले आणि टोरांटो ५-४ ने हरलं. तीस वर्षं उलटून गेली तरी इथे त्या रेफरीचं नाव शिवीसारखं घेतात.

दुसरा २०१३. नऊ वर्षांनी लीफ्स प्लेऑफमध्ये आले होते. बॉस्टनविरुद्ध १-३ ने मागे पडून ३-३ केलं. १३ मे, सातवी मॅच, बॉस्टनमध्ये. तिसऱ्या सत्राची अकरा मिनिटं उरली असताना टोरांटो ४-१ ने पुढे. इकडे टोरांटोत स्टेडियमबाहेरच्या चौकात हजारो लोक मोठ्या पडद्यासमोर उभे. बॉस्टनने एक गोल फेडला. मग गोलकीपर बाहेर काढून सहावा खेळाडू पुढे आणला आणि शेवटच्या दीड मिनिटात ३१ सेकंदांच्या अंतराने दोन गोल केले. जादा वेळेत पाचवा. ५-४.

त्यानंतर रांगच लागली. २०१८ आणि २०१९ मध्ये बॉस्टनकडूनच सातव्या मॅचमध्ये हार. २०२१ मध्ये माँट्रियालविरुद्ध ३-१ आघाडी घेऊन हार. कोविडमुळे तो मोसम रिकाम्या स्टेडियममध्ये गेला होता. सातव्या मॅचला लसीकरण झालेल्या ५५० आरोग्य कर्मचाऱ्यांना तेवढं आत सोडलं. वर्षभर राबलेली ती माणसं मास्क लावून ओरडत होती. लीफ्स त्यांच्यासमोरही हरले.

मग २०२३. पहिल्या फेरीत टँपा बेविरुद्ध चौथी मॅच. तिसऱ्या सत्रात लीफ्स १-४ ने मागे. तीन गोल फेडले, जादा वेळेत पाचवा मारला, ५-४. बॉस्टनने दहा वर्षांपूर्वी त्यांचं जे केलं होतं तेच, तोच स्कोअर, या वेळी आपल्या बाजूने. २९ एप्रिलला सहाव्या मॅचच्या जादा वेळेत जॉन टावारेसने गोल मारला आणि टोरांटोने १९ वर्षांनी एक सिरीज जिंकली. सोळापैकी चार विजय झाले होते, बारा बाकी होते, आणि शहर रस्त्यावर हॉर्न वाजवत फिरत होतं.

पुढच्या फेरीत फ्लोरिडाविरुद्ध ०-३. लोकांना लगेच १९४२ आठवलं. चौथी मॅच जिंकलीसुद्धा. पाचवी जादा वेळेत हरले.

कुणाची आशा?

टोरांटोच्या निम्म्या लोकांचा जन्म कॅनडाबाहेरचा आहे. १९६७ चा कप पाहिलेले लोक आज साठीच्या पुढे आहेत. स्कार्बरोत किंवा ब्रॅम्प्टनमध्ये निळी जर्सी घालून फिरणाऱ्या पोरांच्या आजोबांनी १९६७ मध्ये बर्फ बहुधा फक्त गोळ्यावर पाहिला असेल. २००८ पासून इथे हॉकीचं समालोचन पंजाबीतही होतं. ज्यांच्या घरात १९६७ ची आठवणच नाही त्यांनी ही हरण्याची परंपरा आपणहून, पूर्ण माहिती असताना पत्करली आहे. जिंकणारी टीम हवी असती तर टीव्हीवर दुसऱ्या एकतीस टीम होत्या.

माझ्यापुरतं उत्तर मला इथेच मिळतं. 'यंदा तरी' या दोन शब्दांत अंदाज कुठेच नाही. अंदाज विचारला तर तोच माणूस थंडपणे सांगतो, दुसऱ्या फेरीत जाऊ बाहेर. आपल्याकडे दुष्काळी गावातला शेतकरी मृगाच्या तोंडावर पाभर दुरुस्त करतो, तेव्हा तोही पावसाचं भाकीत करत नसतो. पाऊस आलाच तर आपण तयार नव्हतो, असं व्हायला नको म्हणून करतो. १९४२ ची चौथी मॅच सोडून झोपी गेलेला माणूस सातव्या मॅचला आनंदी झालाच असेल, पण त्या मुलीइतका नाही.

बॅलर्डचा प्रश्न मात्र यातून सुटत नाही. आशेवर धंदा करणारे कालही होते, आजही आहेत. प्लेऑफचं तिकीट माझ्या पगारातही सहज बसत नाही, म्हणून तर चौकातला पडदा आहे. १९७९ साली गार्डन्सबाहेर फलक घेऊन उभे राहिलेले लोक मला म्हणून फार आवडतात. त्यांनी टीम सोडली नाही आणि मालकाला मोकळंही सोडलं नाही.

मेपल लीफ गार्डन्स १९९९ मध्ये लीफ्सनी सोडलं. इमारत अजून उभी आहे. वरच्या मजल्यावर विद्यापीठाचं रिंक आहे, खाली मोठं किराणा दुकान. दुकानाच्या फरशीवर एके ठिकाणी लाल ठिपका रंगवलाय: बर्फाचा मध्यबिंदू तिथे होता. १८ एप्रिल १९४२ ला सातव्या मॅचचा पहिला पक तिथेच पडला. बाजूने लोक ट्रॉली ढकलत जातात. बरेचजण खाली बघतही नाहीत. एप्रिलमध्ये मात्र त्या ओळीत थोडी गर्दी असते आणि कुणीतरी लहान पोराला ठिपक्यावर उभं करून फोटो काढत असतं.